मदत हवी आहे: रिचमंडला डॉगवूड कुठे लावू, पुढच्या उन्हात की मागे ओकखाली?

मंडळी, व्हर्जिनियात रिचमंडजवळ राहतो, या फॉलमध्ये (पानगळीच्या ऋतूत) अंगणात पांढरं डॉगवूड लावायचंच असं ठरवलंय. एप्रिलमध्ये इथल्या रानात मोठ्या झाडांना अजून धड पालवी पण नसते आणि त्यांच्याखाली हे झाड पांढरंशुभ्र फुललेलं असतं, ते बघितल्यापासून डोक्यातून जातच नाहीये. इथलं राज्यफूलही तेच आणि राज्यवृक्षही तेच.

प्रश्न जागेचा आहे. पुढचं अंगण पश्चिमेला, दुपारभर कडक ऊन, सगळं लॉन. मागे कुंपणाशी उंच ओक आहेत, तिथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारी सावली. बायकोला पुढे हवंय, हॉलच्या खिडकीतून दिसावं म्हणून, मला मागे बरं वाटतंय. माती लाल चिकण, जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं. टेस्ट केली तर पीएच ५.८ आला, म्हणजे माती थोडी आम्ल. आणि नर्सरीत म्हणाले की इथल्या देशी डॉगवूडला रोग फार, त्यापेक्षा कौसा, म्हणजे आशियाई डॉगवूड, घ्या. खरंच इतका रोग येतो का? खाली काय लावलं तर शोभेल? हरणं येतात आमच्याकडे, हेही लक्षात घ्या.

प्रतिसाद १:
मागेच लावा हो, अगदी डोळे मिटून. हे मुळात जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारं झाड, मुळं वरवरची, त्यामुळे पश्चिमेच्या उन्हात ऑगस्टमध्ये पानांच्या कडा करपतात. पीएच मस्त आहे, चुना अजिबात टाकू नका. पण पाणी साचतं तिथे नको, थोडा उंचवटा करून लावा, खड्डा रुंद घ्या पण खोल नको, आणि बुंध्याचा फुगीर भाग मातीच्या वरच दिसला पाहिजे. भोवती दोन-तीन इंच मल्च (मातीवर पसरायचं पालापाचोळा-सालीचं आच्छादन), बुंध्याला न टेकवता. गवत तिथून काढूनच टाका, कारण ट्रिमरची दोरी सालीला लागली की त्या जखमेतून बोरर (खोड पोखरणारी अळी) शिरतो आणि झाड हळूहळू जातं. ओकच्या बुंध्यापासून जरा लांब ठेवा म्हणजे मोठी मुळं तोडावी लागणार नाहीत.

प्रतिसाद २:
रोगाचं म्हणाल तर अँथ्रॅक्नोज हा बुरशीचा रोग खरा आहे, १९७० च्या दशकाच्या शेवटी इकडे दिसला आणि ॲपालेशियन डोंगरातली गार, दमट रानं त्याने फार पोखरली. त्याला टिकणारं ‘ॲपालेशियन स्प्रिंग’ हे देशी वाण आहे, मेरीलँडच्या कॅटॉक्टिन डोंगरात वाचलेल्या झाडावरून आलेलं. माझं मत विचाराल तर तेच शोधा. कौसाही छान आहे, पण तो पानं आल्यावर, साधारण महिनाभर उशिरा फुलतो, म्हणजे तुम्हाला जे बघायचंय ते मिळणार नाही. शिवाय देशी झाडाची लाल फळं फॉलमध्ये पक्षी फस्त करतात. खाली फर्न आणि हेलेबोर लावा, हरणं सहसा तोंड लावत नाहीत, होस्टा आणि अझेलिया मात्र चट करतात. आणि हिवाळ्यात फांद्या छाटू नका, टोकाला बटणासारख्या दिसतात त्या पुढच्या वसंतातल्या कळ्या असतात.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार दोघांचेही! बायकोला वाचून दाखवलं, मागे लावायला तयार झाली, किचनच्या खिडकीतून सरळ दिसेल असा कोपरा तिनेच काढलाय. आता एकच सांगा, पहिल्या उन्हाळ्यात पाणी किती आणि कसं द्यायचं, ड्रिप टाकू की पाईपने आठवड्यातून एकदा भरपूर?