‘तोतरा’ आणि ‘तोतऱ्या’

प्रश्न : ‘तोतरा’ हा शब्द अपमानकारक मानावा काय? मुलाच्या शाळेच्या अर्जात त्याऐवजी ‘वाचादोष’ असे लिहावे काय?

उत्तर : माझे बालपण परभणी जिल्ह्यातील एका गावात गेले आणि हा शब्द मी अनेक वर्षे रोज ऐकला, म्हणून व्याकरणाबरोबर अनुभवही लिहितो. ‘तोतरा’ हे साधे विशेषण आहे. बोलताना ज्याचा ध्वनी अडकतो किंवा पुन्हा पुन्हा येतो तो तोतरा. ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणणारे मूल बोबडे, तोतरे नव्हे.

‘तोतऱ्या’ची गोष्ट वेगळी. घोडा–घोड्या या संबोधनाप्रमाणेच काळ्या, लंगड्या, तोतऱ्या ही रूपे होतात. विशेषण एरवी नामासोबत येते. अशा हाकेत ते नामाची जागाच घेते आणि मुलाचे खरे नाव गळून पडते. हजेरीच्या वेळी ‘हजर’मधला ‘ह’ घशात अडकला की मागून ‘बोल की रे, तोतऱ्या’ असा आवाज येई, आणि गुरुजी कोणालाही थांबवत नसत. सर्वांबरोबर पाढे म्हणताना मात्र मी अडखळत नसे, त्यामुळे मी सोंग करतो असा समज झाला होता. एका सुरात बोलताना किंवा गाताना तोतरेपणा बहुधा थांबतो, हे मला फार उशिरा कळले.

हाच ‘या’ नावाला लागला की जवळीकही दाखवतो. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी प्रत्यक्ष विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हटले, आणि दुसऱ्याने म्हटल्यास हीन वाटेल असा ‘दासी’ हा शब्द स्वतःच्या नाममुद्रेत घेतला. त्यांच्याकडे पाहून मी ‘तोतरा’ हा शब्द स्वतःसाठी घेतला. ‘मी तोतरा आहे, मला थोडा वेळ लागेल’ असे आरंभीच सांगितले की लपवण्याचे ओझे उरत नाही आणि बोलणे सुलभ होते. ‘तोतऱ्या’ मात्र मी घेतला नाही. जिवलग मित्राच्या तोंडूनही तो मला त्या वर्गात नेऊन बसवतो. अर्जात काय लिहावे हे कृपया मुलालाच विचारावे.

पुरवणी (दुसऱ्या एका लेखिकेकडून) : मुलींसाठी हीच हाक ‘ए तोतरे’ अशी होते, ‘ए काळे’प्रमाणे. लातूरला शाळेत मी तीच ऐकली. ‘मी तोतरी आहे’ हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलेले नाही. इथे प्रथमच लिहीत आहे.