जर्मनीतलं आउसबिल्डुंग: एजंटाला साडेतीन लाख द्यावेत का?

चिंचवडचा_बाप
मुलगा वीस वर्षांचा. औंधच्या आयटीआयमधून फिटर झाला. जर्मनीत आउसबिल्डुंग करायचं म्हणतो, म्हणजे कंपनीत काम शिकायचं, सोबत शाळा आणि महिन्याला पैसे. एक एजंट म्हणतो, 'साडेतीन लाख भरा, जागा पक्की.' माझं मत, द्यावेत. घरात जर्मन कुणालाच येत नाही, चुकलो तर पोराचं वर्ष जाईल. उलट वाटत असेल तर कारणासकट सांगा.

मेकॅट्रॉनिक_तिसरं_वर्ष
काका, देऊ नका. मी कोथरूडचा, आता श्टुटगार्टजवळ शिकतोय. जागा एजंट देत नाही, कंपनी देते. तिच्याशी करार होतो आणि त्यासाठी शिकणाऱ्याने पैसे भरायचे नसतात. जागा सरकारी पोर्टलवर उघड दिसतात. बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, तेव्हा वर्षभर आधी अर्ज करायला लागा.

खरी अडचण भाषेची आहे. शाळा आठवड्यातून एक-दोन दिवस, नाहीतर सलग काही आठवडे, आणि सगळं जर्मनमध्ये. बी-१ वर, म्हणजे जर्मनच्या मधल्या पायरीवर, मी आलो, पहिले चार महिने मास्तर काय म्हणतात ते निम्मं कळायचं नाही. रात्री शब्द पाठ करत बसायचो. त्याच्या पुढची बी-२ करूनच पाठवा. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकवतात, तिथे सगळ्या पायऱ्या होतात. साडेतीन लाखांतला काही भाग तिथे भरा, उरलेला राहू द्या.

आणि पैशांचं नीट ऐका. २०२५ मध्ये सुरू करणाऱ्यांना पहिल्या वर्षी कायद्याने महिन्याला किमान ६८२ युरो होते, तेही विमा वगैरे कापण्याआधी. तेवढ्यात भाडं आणि जेवण भागत नाही. कमी पडणारी रक्कम बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, दाखवल्याशिवाय व्हिसा मिळणं कठीण. मोठ्या कंपन्या मात्र जास्त देतात.

भोसरीची_मामी
मला हे पटत नाही. माझा भाचा स्वतः अर्ज करत बसला, चाळीस ठिकाणी पाठवले, एकाचंही उत्तर नाही. शेवटी पैसे भरून नर्सिंगला गेला, तीन वर्षांचं शिक्षण, आता दुसऱ्यात आहे. मुलाखतीची तयारी, कागदांची भाषांतरं, मुंबईच्या वकिलातीची धावपळ, हे कुणी फुकट करत नाही. ज्यांना वेळ आणि भाषा दोन्ही आहेत त्यांनी इतरांना 'देऊ नका' सांगणं सोपं असतं.

मेकॅट्रॉनिक_तिसरं_वर्ष
मामी, भाषांतराचे आणि तयारीचे पैसे घेणं वेगळं. 'जागा पक्की' म्हणून घेणं वेगळं. माझ्याच एका मित्राला तसं सांगून पैसे घेतले, करार कधी आलाच नाही.

आयटीआयचा_जुना_निदेशक
दोघंही एक मुद्दा सोडताय. पोरगा आधीच दोन वर्षांचा फिटर आहे. पुन्हा साडेतीन वर्षं इंडस्ट्रियल मेकॅनिक शिकणार? चाकणला दोन वर्षं अनुभव घेऊ द्या. २०२३ च्या सुधारणेनंतर, दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण आणि दोन वर्षांचा अनुभव असलेल्याला पगाराची अट पुरी झाल्यास थेट कामगार म्हणून जायचा रस्ता आहे.

मेकॅट्रॉनिक_तिसरं_वर्ष
सर, रस्ता आहे, पण ती पगाराची अट नवख्याला कठीण. इथलं प्रमाणपत्र मिळालं की कारखान्यात किंमत वेगळी असते. शिवाय त्यानंतर दोन वर्षं नोकरी केली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. साडेतीन वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही.

चिंचवडचा_बाप
एजंटाला फोन केला. करार कुठल्या कंपनीचा, नाव लिहून द्या म्हटलं. 'आधी पैसे' म्हणाला. पैसे देत नाही. मुलाचं म्हणणं आहे ए-१ ची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीची, चौकशी उद्याच करू. सर, चाकणचंही त्याच्याशी बोलतो.

भोसरीची_मामी
बरं केलंत. भाचा कागद बघून द्यायला तयार आहे, कळवा.