फुल रेसलाही आरपीएम चढत नाहीत, पाँटूनला कोणता पंखा घ्यावा?

शांतपाणी:
नमस्कार मंडळी. २२ फुटी पाँटून आहे, म्हणजे दोन पोकळ नळ्यांवर डेक बसवलेली सपाट बोट. मागे बाहेरून लावलेलं ६० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड). बोट जुनी घेतलेली, पंखाही (प्रोपेलर) तिच्याबरोबरच आला. हबवर १०-३/८ × १३ (डायमीटर × पिच, इंचांत) कोरलंय, तीन पाती, अ‍ॅल्युमिनियम. एकटा असलो तर बरी पळते. घरचे सगळे चढले की लिव्हर टेकवला तरी आरपीएमचा काटा ४,७०० वरच अडतो आणि मोबाइलच्या जीपीएसवर ताशी २६ किलोमीटर दिसतात. एकट्याने ५,१०० पर्यंत जातो. पुस्तिकेत फुल रेसला ५,५०० ते ६,००० लिहिलंय.

विकणारा म्हणतो स्टेनलेस घ्या, वेग वाढेल. भाऊ म्हणतो चार पाती घे. वारा असला की रिव्हर्समध्ये बोट अजिबात ऐकत नाही, हा वेगळाच ताप. काय घ्यावं?

वाराखाऊ:
डोळे मिटून चार पाती. आहे त्याच मापाचा घ्या, म्हणजे काही जुळवाजुळव नको.

जुना_नांगर:
डोळे मिटून काहीच घेऊ नका हो. १३ पिचच्या तीन पात्यांच्या जागी १३ चाच चार पात्यांचा लावलात तर आहेत तेही आरपीएम आणखी शंभर-दोनशेने उतरतील. चौथं पातं म्हणजे इंजिनावर जास्तीचा भार. म्हणून चार पात्यांवर जाताना पिच साधारण एक इंचाने कमी घ्यायचा.

शांतपाणी, तुमचा रोग पात्यांचा नाही, पिचचा आहे. १३ पिच म्हणजे पाणी घट्ट असतं तर पंखा एका फेऱ्यात १३ इंच पुढे सरकला असता. हलक्या, निमुळत्या बोटीला ते झेपतं. पाँटून म्हणजे दोन नळ्या, वर डेक, सोफे, छत आणि माणसं. तिला १३ पिच लावणं म्हणजे चढावर गाडी टॉप गियरमध्ये रेटणं. इंजिन गुदमरतं. कमी आरपीएमवर पूर्ण रेस देऊन सतत ओढत राहिलं की उष्णता वाढते, कार्बन धरतो आणि पिस्टन-बेअरिंगवर ताण येतो. वेगाचं नंतर बघू, आधी इंजिन त्याच्या पट्ट्यात यायला हवं.

ढोबळ हिशोब असा: पिच एक इंच कमी केला की फुल रेसचे आरपीएम दीडशे ते दोनशेने वाढतात. पण पैसे काढण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, काटा खरं बोलतोय का. बऱ्याच टॅकोमीटरच्या (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरच्या) मागे पोलची, म्हणजे आल्टरनेटरच्या चुंबकीय ध्रुवांच्या संख्येची, निवड करायचा छोटा स्विच असतो. तो तुमच्या इंजिनाच्या आल्टरनेटरशी जुळत नसेल तर सगळे आकडे खोटे. दुसरी, इंजिन बंद ठेवून कव्हर काढा, कुणाला तरी लिव्हर पूर्ण पुढे ढकलायला सांगा आणि थ्रॉटल शेवटच्या टोकाला टेकतोय का ते बघा. केबल सैल असेल तर तुम्ही ज्याला फुल रेस म्हणताय ती फुल नाहीच. तिसरी, बोट बाहेर काढून नळ्यांची पोटं बघा. शेवाळ धरलेली पाँटून कुठलाच पंखा पळवू शकत नाही. एका बाजूने खाली बसत असेल तर त्या नळीत पाणी शिरलंय.

एवढं करून पुन्हा मापं घ्या. नेहमी असतात तेवढी माणसं, नेहमीएवढं पेट्रोल, वाऱ्याच्या दिशेने एकदा आणि वाऱ्याच्या विरुद्ध एकदा.

शांतपाणी:
खूप आभार. पोलचा स्विच बरोबर आहे, थ्रॉटलही टोकाला टेकतो. शेवाळ मात्र बोटाच्या जाडीचं होतं! घासून काढलं. आता सगळे बसल्यावर ४,९०० आणि ताशी २८, एकट्याने ५,३००. दोन्ही नळ्या कोरड्या. मग आता १० पिच घेऊ का? आणि पिच कमी केला तर वेग पडणार नाही का?

जुना_नांगर:
वेगाचा हिशोब तुम्हीच करून बघा. आरपीएम गुणिले पिच, त्याला गियरच्या गुणोत्तराने भागा आणि ०.००१५२४ ने गुणा. येईल तो किलोमीटरमधला कागदावरचा वेग. दहा-साडेदहा इंची पंखा म्हणजे तुमचं गियरकेस (पंखा बसतो तो पाण्यातला गियरचा डबा) लहान. त्याचं गुणोत्तर १.८३ धरतो, पुस्तिकेत ताडून घ्या. सगळे चढले असताना ४,९०० आणि १३ पिचला कागदावर ताशी ५३ येतात, तुम्ही जाताय २८ ने. म्हणजे जवळजवळ निम्मं फिरणं स्लिपमध्ये वाया. पाँटूनला स्लिप जास्तच असते, पण इतकी नको. तो १३ आकडा तुम्हाला वेग देतच नाहीये, मग तो गेल्याचं दुःख कशाला?

आता निवड. तीन पात्यांचा १० पिच लावला तर भरल्या बोटीत ५,५०० च्या आगेमागे याल, एकट्याने ५,९०० पर्यंत. वाईट नाही. पण रिव्हर्सचं रडगाणं तुम्ही स्वतःच गायलंय आणि बोट बहुतेक वेळा भरलेली असते. मी असतो तर चार पात्यांचा ९ पिच घेतला असता. पात्यांचं एकूण क्षेत्रफळ वाढतं, त्यामुळे कमी रेसमध्ये पाणी नीट धरतो, धक्क्याला लावताना आणि मागे घेताना बोट हाताशी राहते. वळणावर हवा ओढून इंजिन एकदम ओरडण्याचे प्रकारही कमी होतात. भरल्या बोटीत साडेपाच हजारांच्या थोडं वर, एकट्याने सहा हजारांच्या तोंडाशी. एकटे असताना काटा सहाच्या पुढे जायला लागला तर लिव्हर थोडा मागे घ्या, झालं.

डायमीटर तुमच्या गियरकेसला बसेल तेवढा मोठा घ्या. पातं अँटी-व्हेंटिलेशन प्लेटला (पंख्याच्या वरची आडवी पट्टी) घासता कामा नये.

आणि स्टेनलेस कशाला? त्याची पाती पातळ असतात, वाकत नाहीत. वेगवान बोटीला त्याचा फायदा खरा, ६० एचपीच्या पाँटूनला तो फरक कळणारही नाही. उथळ पाण्यात दगड लागला तर अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकतं किंवा तुटतं, आणि फटका बराचसा तिथेच संपतो. काढलेला १३ चा टाकू नका, नट आणि पिनसकट बोटीत ठेवा. पंखा फुटला तर हळूहळू घरी पोचवेल.

वाराखाऊ:
बरं, चार पाती म्हणालो ते तरी बरोबर निघालं. 😄

शांतपाणी:
ठरलं, चार पाती ९ पिच. बसवायला मेकॅनिक लागेल का?

जुना_नांगर:
नाही. गियर न्यूट्रलला टाका, किल-स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) दोरी आणि चावी दोन्ही काढा. प्लेट आणि पात्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, म्हणजे नट सोडताना पंखा फिरणार नाही. जुना पंखा ओढल्यावर शाफ्टवर एक जाड थ्रस्ट वॉशर दिसेल. तो कधीकधी पंख्याला चिकटून निघतो आणि नव्याबरोबर लावायचा राहून जातो, मग पंखा गियरकेसवर घासतो. तिथेच सीलजवळ मासेमारीची तंगूस गुंडाळली गेलीय का तेही बघा, असली तर सगळी काढा, नाहीतर ती सील कापते. शाफ्टच्या दात्यांना मरिन ग्रीस लावा, वॉशर आणि नट काढले त्याच क्रमाने चढवा, पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा, कॉटर पिन (नट सुटू न देणारी दुमडायची पिन) नवी वापरा. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा एकदा तपासा आणि आकडे इथे टाका.