मागच्या प्लॉटची माती: खड्डे पाच, आकडा एक

सचिव (ए-१०१): मागच्या लाकूड कारखान्याच्या प्लॉटचा माती रिपोर्ट आला, वर टाकलाय. आर्सेनिक १४ मिलिग्रॅम प्रतिकिलो, क्रोमियम, तांबं, सगळं मर्यादेत. मुलांच्या बागेचं काम सुरू करायला हरकत नसावी. शंका असेल तर आजच विचारा, झोपाळे बसल्यावर नको.

बी-४०३: उत्तम! किती दिवस वाट बघतोय.

सी-२०४: सचिवसाहेब, एक मिनिट. मी माती तपासणीच्याच कामात आहे म्हणून बोलते. रिपोर्टमध्ये नमुना एकच आहे: "पाच ठिकाणची माती एकत्र करून". चार खड्ड्यांत ५ आणि पाचव्यात ५० असेल, तरी सरासरी १४च येते. मुलं सरासरीवर खेळत नाहीत, त्या पाचव्या खड्ड्यावर खेळतात.

ए-३०२: पण मर्यादेत आहे ना?

सी-२०४: कुणाच्या? निवासी जागेसाठी कॅनडाचा मार्गदर्शक आकडा १२ आहे, ऑस्ट्रेलियाचा १००. आर्सेनिक निसर्गतः मातीत थोडं असतंच, म्हणून कारखान्याचा हात न लागलेल्या जवळच्या जागेचा एक नमुनाही लागतो तुलनेला. तो घेतलेला दिसत नाही.

डी-५०१: ताई, सुतारकामाच्या जागेत आर्सेनिक कुठून येणार? भुसा असेल फार तर.

सी-२०४: नुसती कापाकापी असेल तर प्रश्न नाही. लाकडाला वाळवी-बुरशी लागू नये म्हणून औषध मुरवत असतील तर आहे. काका, तुम्ही तिथे जायचात ना? लाकूड कसं दिसायचं?

काका (बी-१०२): जायचो की. खांब ट्रॉलीवरून लांब लोखंडी नळकांड्यात ढकलायचे, झाकण लावून दाब द्यायचे. बाहेर आले की हिरवट, आणि टपटप गळत. त्याआधी काळे खांब निघायचे. डांबरगोळ्यांचा वास यायचा.

सी-२०४: काका, हे रिपोर्टपेक्षा जास्त कामाचं आहे! हिरवट म्हणजे बहुतेक तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं द्रावण. काळं म्हणजे क्रिओसोट, दगडी कोळशाच्या डांबराचं तेल. त्यात नॅप्थलीन असतं, म्हणून तो वास. आता रिपोर्ट परत बघा: फक्त धातू तपासलेत. क्रिओसोटमधली पीएएच रसायनं (डांबरात सापडणाऱ्या कार्बनी रसायनांचा एक गट), त्यात कॅन्सर करणारं बेंझोपायरीनही आलं, यादीतच नाहीत. पेंटाक्लोरोफिनॉल, म्हणजे लाकडाला मुरवायचं आणखी एक औषध, तेही नाही. लॅबला जे विचारू तेवढंच लॅब सांगते.

सचिव (ए-१०१): म्हणजे खर्च दुप्पट?

सी-२०४: जागा नीट निवडली तर तितका नाही. नळकांडं, द्रावणाची टाकी, खांब गळत ठेवायची जागा, इथे वेगवेगळे नमुने. उरलेल्या प्लॉटवर चौकटी आखून विरळ. वरची १५ सेंटिमीटर वेगळी, कारण हाताला-तोंडाला तीच लागते. मग खाली मीटरभर. धातूंसाठी आधी हातातल्या एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) जागेवरच चाचपणी होते. क्रिओसोटचे नमुने मात्र काचेच्या बरणीत, थंड ठेवून न्यायचे.

बी-४०३: तिथे गवत कमरेएवढं वाढलंय. विषारी जमिनीत एवढं हिरवं?

सी-२०४: गवताला आर्सेनिकचं तेवढं वावडं नसतं हो. गवतावरून काहीच ठरत नाही.

डी-५०१: दोन फूट नवी माती टाकली की संपलं.

सी-२०४: हसण्यावारी नेऊ नका, तो खरा उपाय असू शकतो. पण खाली काय आहे ते कळल्यावर. जुन्या-नव्या मातीच्या मध्ये खुणेचं कापड अंथरायचं, म्हणजे खणणाऱ्याला हद्द कळते, आणि पुन्हा कुणी खोल खणायचं नाही, अगदी झाड लावायलाही. शिवाय क्रिओसोट पाण्यापेक्षा जड. ते भेगांतून खाली उतरत राहतं, वरच्या मातीने ते अडत नाही. आपली बोअर किती अंतरावर आहे?

सचिव (ए-१०१): कुंपणाला लागूनच.

सी-२०४: मग पाणीही तपासा. भुसा कुठे टाकायचे, काका?

काका (बी-१०२): अगं, पलीकडच्या खोलगट भागात. वर्षानुवर्षं. ती जागा अजून खचते.

सी-२०४: तिथे मिथेनही मोजावा लागेल, भुसा कुजताना निघणारा, पेट घेणारा वायू. पुरलेला भुसा कुजताना ऑक्सिजन संपवतो, आणि तशा पाण्यात मातीला धरून बसलेलं आर्सेनिक सुटं होतं. जाळलेल्या लाकडाची राख असेल तर ती आधी बघा. औषध मुरवलेलं लाकूड जाळलं की आर्सेनिकचा बराचसा भाग राखेत उरतो.

सचिव (ए-१०१): ठीक. बागेच्या ठेकेदाराला थांबायला सांगतो. पुढच्या तपासणीत खड्ड्यांचा नकाशा आणि प्रत्येक नमुन्याचा वेगळा आकडा मागू. काका, नळकांडं कुठे होतं ते कागदावर काढून द्याल?

काका (बी-१०२): देतो की. तुमच्या प्लॅनमध्ये घसरगुंडी दाखवलीय ना, तिच्या जरा डावीकडे. गळते खांब मात्र वाळूच्या खेळाच्या जागेवर असायचे.

सी-२०४: काका, उद्या सकाळी चुना घेऊन जाऊ. तुम्ही दाखवा, मी खुणा करते.