वजन जास्त असलेल्या गरोदर बाईच्या जादा तपासण्या: गरज की धंदा?

सुरंगी

भाटकारबाबांनी काल लिहिलं ते थोडक्यात असं: "बाई अंगानं भरलेली दिसली की लगेच हाय रिस्कचा शिक्का. साखरेचं पाणी पाजा, ॲस्पिरिन द्या, दोन-दोनदा सोनोग्राफी करा, भूलतज्ज्ञाला दाखवा. आमच्या आज्यांची आठ-आठ बाळंतपणं घरात झाली. सगळा इस्पितळांचा धंदा. दोन जीवांची बाई, तिला पोटभर खाऊ द्या." खाली कितीतरी जणांनी माना डोलावल्यात. त्यांत आत्ता दिवस गेलेल्या बायकाही असतील, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ॲस्पिरिन. वार रुजताना गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या नीट रुंदावल्या नाहीत की पुढे रक्तदाब चढतो आणि लघवीतून प्रथिनं जायला लागतात. हाच प्रीएक्लाम्पसिया. वजन जास्त असलं की त्याचा धोका वाढतो. गोळी १२ आठवडे झाल्यावर आणि १६ आठवड्यांच्या आत सुरू करायची, रात्री झोपताना घ्यायची, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत. अठ्ठाविसाव्या आठवड्यात दाब चढल्यावर सुरू केली तर वेळ निघून गेलेली असते. जास्त धोका असलेल्या बायकांना १५० मिलिग्रॅम रात्री देऊन पाहिलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लाम्पसिया निम्म्याहून कमी झाला. प्रत्येक जाड बाईला गोळी द्या असंही कोणी म्हणत नाही. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ३५ च्या वर आणि जोडीला पहिलंच बाळंतपण, चाळिशी, दहा वर्षांपेक्षा जास्त अंतर, किंवा आईला-बहिणीला हाच त्रास, असे एकूण दोन मुद्दे जुळले की देतात. काही ठिकाणी बीएमआय ३० पासूनच मोजतात. इतक्या स्वस्त गोळीत धंदा कसला?

दुसरी सोनोग्राफी. चरबीच्या थरातून ध्वनिलहरी जाताना क्षीण होतात. १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत बाळाच्या हृदयाचे कप्पे आणि पाठीचा कणा नेमके तेच धूसर येतात. अशा वेळी दोनेक आठवड्यांनी परत बोलावणारा डॉक्टर प्रामाणिक असतो. न दिसलेल्या भागापुढे "ठीक" लिहून मोकळा होणारा धोक्याचा. आणि हे लांबवून चालत नाही, कारण २४ आठवडे उलटले की गंभीर व्यंग सापडल्यावरचा निर्णय मेडिकल बोर्डाकडे जातो. पुढच्या महिन्यांत बीएमआय ३५ च्या वर असेल तर पोटावर टेप लावून बाळाची वाढ कळत नाही, म्हणून वाढीच्या सोनोग्राफी.

खाण्याचं म्हणाल तर दिवसाला जादा लागतात साधारण ३५० किलोकॅलरी. मोठी वाटी शीत (भात) आणि वाटीभर आळसांद्यांचं तोणाक (चवळीची उसळ), झालं. बीएमआय ३० च्या वर असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वाढ पुरते, २५ ते ३० च्या मधे ७ ते ११.५. उपास मात्र करायचा नाही. गरोदरपण ही वजन उतरवायची वेळ नव्हे.

भाटकार

पुस्तक चांगलं वाचलंय. पण आमच्या वाड्यावर गेल्या चतुर्थीच्या आधी एका सुनेला खाजगीत सांगितलं, वजन जास्त आहे, नॉर्मल होणार नाही, सिझेरियनची तारीख घ्या. दाब नाही, साखर नाही, बाळ डोक्याकडून. हे काय होतं? आणि प्रत्येक फेरीला काट्यावर उभी करून चारचौघांत "केवढी सुटलीस" म्हणायचं, याला उपचार म्हणतात? ती बाई पुढच्या तपासणीला जायला नको म्हणते. तुमच्या पाचशे ओळींत याबद्दल एक अक्षर नाही.

सुरंगी

सिझेरियनबद्दल तुमचं बरोबर आहे, मान्य करावंच लागेल. नुसतं वजन हे सिझेरियनचं कारण नाही. उलट जाड बाईला सिझेरियनचाच त्रास जास्त: जखम चिघळते, पायात गुठळी होते, भूल देणं अवघड जातं. कारण विचारा आणि ते कागदावर लिहून मागा. पण त्यावरून साखरेची तपासणीही धंदा ठरत नाही. दोन गोष्टी एका पोत्यात भरू नका.

मांडवीकाठ

साखरेच्या पाण्याबद्दल मी सांगतो, कारण गोंधळ तिथंच आहे. सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात, उपाशी असो वा जेवून आलेली असो, पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त. १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा वर आलं की गरोदरपणातला मधुमेह. पहिल्याच भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत परत, मधे किमान चार आठवडे सोडून. हे ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोजचे. पाण्याचा अंश असलेली पूड असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते, नाहीतर साखर मुळात कमी जाते आणि आकडा खोटा चांगला येतो. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवशीची तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या दोन तासांत बाजारात चक्कर मारायची नाही, चहा-बिस्किट नाही. खाजगीत उपाशीपोटीची तीन रक्तांची तपासणी करतात, तिथं मर्यादा उपाशीपोटी ९२, तासानं १८० आणि दोन तासांनी १५३. दोन्ही चालतात, पण एकीचे आकडे दुसरीला लावू नका.

एक राहिलं. साखर आली म्हणून लगेच इन्सुलिन सुरू होत नाही. दोन आठवडे आहार आणि चालणं, मग जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आहे का ते बघतात. आहार म्हणजे भात बंद नव्हे. ताटात भात निम्मा, बांगडा किंवा तारली हुमणात (कालवणात), पाव असेल तर कोंड्याची पोई. आणि तिझान, म्हणजे गोड पेज, नाचण्याची असली तरी गूळ गूळच. "पौष्टिक आहे" म्हणून सकाळ-संध्याकाळ वाडगाभर तिझान देणाऱ्या सासवांना कोणीतरी हे सांगा.

पेडण्याची वाट

गुळावर आणलंत तर सांगते. डोहाळजेवणाला प्रत्येक घरातून एकेक गोड पदार्थ येतो आणि "नको" म्हटलं की अपमान. आधी तो प्रकार बंद करा, मग सुनेला आहार शिकवा.

अबोली

तुम्ही सगळे साखर आणि ॲस्पिरिन घेऊन बसलात. ज्या आकड्यावर सगळं ठरतं तो रक्तदाबच चुकीचा मोजला जातो, त्याचं काय? बहुतेक ठिकाणी दाब मोजताना दंडाला बांधायचा एकच पट्टा भिंतीवर लटकतो, मध्यम मापाचा. तो २७ ते ३४ सेंटीमीटर दंडासाठी आहे. ३५ ते ४४ ला मोठा लागतो, ४५ च्या वर मांडीचा. छोटा पट्टा जाड दंडावर बांधला की दाब वाढीव दिसतो. हे मोजून पाहिलंय, २०२३ सालचं: मोठा पट्टा लागणाऱ्यांवर मध्यम बांधला तर वरचा आकडा सरासरी ५ ने जास्त, आणि सर्वांत मोठा लागणाऱ्यांवर तब्बल २० च्या आसपास जास्त. म्हणजे १२२ ची बाई १४२ दिसते आणि तिला भरती करतात.

भाटकार

हेच! हेच मी काल म्हणत होतो. दाब खोटा, भरती खोटी, गोळ्या खोट्या. आता तुमच्याच माणसानं सांगितलं.

अबोली

माझ्या तोंडात शब्द घालू नका. आकडा वाढीव येतो म्हणून दाब नसतोच असं नाही. खोट्या १४२ च्या गर्दीत खरी १६० वालीही "पट्ट्यामुळेच असेल" म्हणून घरी जाते. १६०/११० खरा असला तर पंधरा मिनिटांत परत मोजून औषध सुरू करायचं असतं, तिथं "खोटा असेल" या शंकेला जागा नाही. योग्य पट्टा नसणं ही हेळसांड आहे, आणि तुम्ही तिचा वापर तपासणीच बंद करायला करताय. मला याचा संताप येतो.

पेडण्याची वाट

मग इलेक्ट्रॉनिक मशीन घ्यावं ना घरात. पट्ट्याची कटकट नाही.

अबोली

मशीनलाही पट्टाच असतो, आणि सोबत येणारा बहुतेक मध्यमच. शिवाय प्रीएक्लाम्पसियात बरीच घरगुती मशीन आकडा कमी दाखवतात. घ्यायचंच तर गरोदर बायकांवर तपासून मान्य झालेलं घ्या, पट्टा दंड मोजून निवडा, आणि पुढच्या तपासणीला सोबत नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून बघा.

दंड असा मोजायचा: खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपराच्या हाडापर्यंतचं अंतर घ्या, त्याच्या मध्यावर खूण करा, हात सैल सोडून तिथं टेप फिरवा. आवळायची नाही. पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के लांब हवी. ती धमनीवर मध्ये यायला हवी आणि खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. हात मांडीवर किंवा खाली लोंबता असेल तर आकडा वाढतो. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताचा घेतला तर कमी येतो. सगळ्यात जास्त चूक ब्लाउजच्या बाहीत होते. घट्ट बाही गुंडाळून वर सरकवतात, ती दंडाला दोरीसारखी आवळते, आणि खाली पट्टा बांधून आकडा घेतात. बाही काढायला लावा, पडदा ओढा. दंड वर रुंद आणि कोपराशी निमुळता असेल तर पट्टा फुगवताना खाली घसरतो. तेव्हा मनगटापाशी घेतलेला आकडा कामचलाऊ चालतो, पण तसं कागदावर लिहायचं. तो थोडा जास्त येतो.

मांडवीकाठ

बाहीचा मुद्दा पटला. पण अबोलीबाय, प्रत्येक आरोग्य केंद्रात मोठा पट्टा नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? सरसकट विधान आहे.

अबोली

सरसकट नाही म्हटलं, बहुतेक म्हटलं. तेही जास्त वाटत असेल तर मागे घेते. पण ज्या केंद्रात जाल तिथं "मोठा पट्टा आहे का" एवढं विचारून बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, गोव्यात तीनपैकी एकीहून जास्त बाई बीएमआय २५ च्या वर आहे. एवढ्या बायकांसाठी दुसरा पट्टा ही चैन नाही.

सत्तरीकर

पट्ट्यावरून भांडून झालं असेल तर बाळंतपणानंतरचं कोणी बोलणार आहे का? वाळपईहून काय, काणकोणहून काय, बाई बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात जाऊन बाळंत होते, घरी येते आणि चाळीस दिवस खाटेवर. पाणी कमी द्या, पंखा लावू नका, उठू नका. गर्भारपणात रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सगळ्यात धोक्याचे. त्यात वजन जास्त, त्यात सिझेरियन, त्यात तहानलेली आणि निजलेली. पायात गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाते. शुद्ध असेल आणि पायात ताकद आली असेल तर त्याच दिवशी उठवून चालवायचं. ज्यांना धोका जास्त त्यांना रक्त गोठू न देणारी हेपरिनची इंजेक्शनं, निदान दहा दिवस, आणि ती वजनाप्रमाणे: ५० ते ९० किलोला एनॉक्सापॅरिन (हेपरिनचाच प्रकार) रोज ४० मिलिग्रॅम, ९१ ते १३० ला ६०. सर्वांना ४० च देणं हा अर्धवट उपचार. एकच पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागला तर १०८ बोलवा, तेल लावून चोळत बसू नका.

भाटकार

चाळीस दिवसांची विश्रांती वाईट? आमच्या बायांना शेतातून तेवढीच सुटका मिळायची. तीही काढून घ्या.

सत्तरीकर

विश्रांती काढून घ्या असं कुठं लिहिलंय? भांडी घासू नको, पण अंगणात चाल. पाणी पी. सिझेरियनची जखम पोटाच्या घडीखाली असते, आपल्या पावसाळ्यात तिथं घाम साठून ती ओली राहते आणि उघडते. न्हाणं झालं की घडी उचलून कोरड्या सुती फडक्यानं टिपायची, मऊ कापड मधे ठेवायचं, लाली किंवा वास आला की त्याच दिवशी दाखवायचं. ऑपरेशनच्या वेळी त्वचेखालचा थर दोन सेंटीमीटरहून जाड असेल तर तोही शिवून घेतात. आणि जखम चिघळू नये म्हणून चिरण्याआधी देतात ते सेफाझोलिन १२० किलोच्या वर २ ऐवजी ३ ग्रॅम देतात. हे आधी विचारायला काय हरकत आहे?

सुरंगी

भूलतज्ज्ञाचं राहिलं होतं, भाटकारबाबांच्या यादीत. बीएमआय ४० च्या वर असेल तर आठव्या महिन्यातच भेट घालतात, कारण रात्री दोन वाजता तातडीच्या सिझेरियनला पाठीत सुई घालताना मणके हाताला लागत नाहीत. लांब सुई आधी काढून ठेवावी लागते, सलाईनसाठी शीर आधी धरावी लागते, टेबल किती किलोचं आहे ते ठाऊक हवं. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर श्वासनलिकेत नळी घालणं कठीण. म्हणून कळा सुरू झाल्याबरोबर त्यांना कळवतात. हे धंद्यासाठी कोण करील?

भाटकार

भूलतज्ज्ञाचं समजलं. ते आधी कोणी एवढं सांगितलं असतं तर वाड्यावरच्या लोकांनी आरडाओरडा केला नसता. पण चारचौघांत वजन ओरडून सांगण्याला कोणी उत्तर दिलेलं नाही.

अबोली

त्याला उत्तर नाही कारण त्याची बाजू घ्यायला कोणी नाही. काटा पडद्याआड ठेवा, आकडा लिहा, मोठ्यानं वाचू नका. बाळात व्यंगाचा धोका किती ते बघणाऱ्या पहिल्या तिमाहीतल्या रक्ताच्या तपासणीच्या फॉर्मवर त्याच दिवशीचं वजन लिहायचं असतं, कारण धोक्याचं गणित वजन धरून करतात. लाजेनं दहा किलो कमी सांगितलं तर अहवाल चुकतो. बाईला घालून-पाडून बोललात तर ती कमीच सांगणार.

आणि पट्ट्याचं शेवटचं. पहिल्या भेटीत दंडाचा घेर मोजून गरोदरपणाच्या तपासणी कार्डाच्या पहिल्या पानावर उंची-वजनाशेजारी लिहून घ्या, "पट्टा मोठा" असं ठळक. बांबोळी, म्हापसा, मडगाव, कुठंही गेलात तरी मोजणाऱ्याला ते आधी दिसेल. वजन वाढलं की सातव्या महिन्यात परत मोजा.

पेडण्याची वाट

कार्डावर त्यासाठी रकाना नाही.

अबोली

रकाना नसला तरी समास आहे. तिथं लिहा.