सीमाभागातल्या मराठी मतदाराने कर्नाटकाचं बजेट वाचावं का?

वडगावकर:
माझं मत स्पष्ट आहे. विधानसभेला मत मागायला येणारा महाराष्ट्र एकीकरण समितीचा असो वा राष्ट्रीय पक्षाचा, त्याला बजेटचे प्रश्न विचारलेच पाहिजेत. मार्चमध्ये पेपरात 'बेळगावला काय मिळालं' अशी चौकट येते, ती मुख्यतः भाषणावरून केलेली असते. भाषणात घोषणा असतात. पैसा बघायचा तर अर्थ खात्याच्या संकेतस्थळावरचे खातेनिहाय अंदाजपत्रकाचे खंड उघडायचे. 2025-26 च्या खंडात प्रत्येक ओळीसमोर चार रकाने आहेत: 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च, 2024-25 ची तरतूद, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि 2025-26 ची तरतूद. तरतूद फुगलेली आणि सुधारित अंदाज निम्म्यावर आला असेल, तर काम कुठेतरी अडलंय असा संशय घ्यायला जागा आहे.

शीर्षाचा, म्हणजे खर्चाच्या प्रकाराचा, क्रमांकही बघा. 2 किंवा 3 ने सुरू झाला तर महसुली, म्हणजे चालू खर्च, 4 किंवा 5 ने सुरू झाला तर भांडवली, म्हणजे नवी मालमत्ता उभारण्याचा. रस्त्यांचं 3054 म्हणजे मुख्यतः डागडुजी, 5054 म्हणजे नवं बांधकाम. आमदार 'रस्त्याला निधी आणला' म्हणाला, तर कुठल्या शीर्षाखाली, हे पहिलं विचारायचं. डागडुजीच्या पैशात रुंदीकरण होत नाही.

2025-26 चं बजेट 4,09,549 कोटींचं. त्यातले 51 हजार कोटींच्या आसपास सरकारच्या पाच गॅरंटी योजनांना, म्हणजे साडेबारा टक्के. पगार, पेन्शन, व्याज आधीच बांधलेलं. उरलेल्यातून आपल्या तालुक्यासाठी मागणारा माणूस सभागृहात हवा.

टिळकवाडी:
वडगावकर, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मान्य नाही. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राची मांडणी चार गोष्टींवर उभी आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिल्या तीन नकाशात आणि जनगणनेत दिसतात. लोकेच्छा मतपेटीतच दिसते. 2013 ला समितीचे दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. 2018 आणि 2023 ला एकही नाही. मराठी माणसाने सीमाप्रश्न सोडला, असं म्हणायला समोरच्याला आयतं निमित्त मिळालं. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे आणि आपण 3054 की 5054 यावर मत ठरवायचं? रस्ता आज ना उद्या होईल. गेलेली लोकेच्छा परत कशी दाखवणार?

खानापूर तालुका:
टिळकवाडीकर, लोकेच्छा मलाही हवी आहे. पण बजेट न वाचल्याने काय होतं ते कळसा-भांडुरावरून, म्हणजे म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेवरून बघा. म्हादई लवादाने 2018 ला कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यात कळसाचं 1.72 आणि भांडुराचं 2.18. मग 2022-23 च्या बजेटमध्ये या योजनेला 1000 कोटींची घोषणा झाली. त्याच वर्षाअखेरीस केंद्रीय जल आयोगाने डीपीआरला, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालाला, मान्यता दिली आणि सगळीकडे जल्लोष झाला. पण वन आणि वन्यजीव मंजुरी हातात नसताना जंगलात खोदकाम करता येत नाही. म्हणजे पैसा कागदावरच.

आता आपला प्रश्न. कळसा कणकुंबीकडचा, भांडुरा नेरशाकडचा. जंगल आणि जमीन खानापूर तालुक्याची, पाणी मलप्रभेतून मुख्यतः हुबळी-धारवाडकडे. खानापूरच्या गावांना पिण्याचं पाणी किती, बाधितांच्या भरपाईची तरतूद कुठल्या ओळीत, हे सभागृहात कुणी विचारायचं? हा प्रश्न समितीच्या आमदाराला शोभणारा आहे. भाषेच्या प्रश्नाशी त्याचं वैर कसलं?

अनगोळ:
मी तिसऱ्याच बाजूने बोलतो. बजेट वाचून मतदाराच्या हाती फारसं काही लागत नाही. बजेट मांडलं जातं बेंगळुरात, खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चाही तिथेच. वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात. बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये डिसेंबरात जेमतेम दोन आठवड्यांचं अधिवेशन, तिथे येतात त्या पुरवणी, म्हणजे वर्षाच्या मधल्या जादा खर्चाच्या, मागण्या. तेवढ्या दिवसांत आपल्याकडे चर्चा कशाची? समितीच्या महामेळाव्याला परवानगी मिळाली का, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ शिनोळीच्या नाक्यावर कुणाला अडवलं. तरतूद झाली तरी अर्थ खात्याने पैसे सोडले पाहिजेत, मग एस्टिमेट, टेंडर, वर्क ऑर्डर. यातली एक पायरी अडली की मार्च संपतो आणि निधी परत जातो. विरोधातल्या एकट्या आमदाराने मागणीची रक्कम कमी करायची कपात सूचना दिली तरी ती बहुमताने पडणार.

निपाणीचा वाचक:
अनगोळकर, कपात सूचना पडते हे खरं, तारांकित प्रश्न पडत नाही. त्याला मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यावं लागतं, उपप्रश्न विचारता येतात आणि ते कामकाजात नोंदलं जातं. मराठी शाळांचंच घ्या. शिक्षणाचं शीर्ष 2202, पण भाषण कितीही वाचलं तरी मराठी माध्यमाच्या शिक्षकांची स्थिती कळत नाही. प्रश्न असा हवा: अमुक तालुक्यात मराठी माध्यमाची मंजूर पदं किती, भरलेली किती, अतिथी शिक्षकांवर किती शाळा चालतात. घटनेच्या 350-अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगितलं आहे. त्या कलमाचा आधार घेऊन विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढे कोर्टातही उपयोगी पडू शकतं.

आमदार विचारत नसेल तर माहिती अधिकार आहे. कर्नाटकात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. आपले लोक चार विषय एकत्र घालतात आणि अर्ज तिथेच फेटाळला जातो. शाळेचा वेगळा, रस्त्याचा वेगळा अर्ज करा.

जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 लाच संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. जिल्हा-तालुका पातळीवर विचारणारा सदस्यच नाही, अधिकारी कारभार बघतात. म्हणून तर ही भिस्त आमदारावर आली.

टिळकवाडी:
350-अ चा मुद्दा मान्य. शाळांचे आकडे दाव्यालाही उपयोगी आहेत, ते समितीने जमवलेच पाहिजेत. पण क्रम महत्त्वाचा आहे. बजेटच्या नावाखाली उद्या राष्ट्रीय पक्षवाले म्हणतील, निधी सत्ताधाऱ्यालाच मिळतो, समितीला मत म्हणजे वाया. 2018 ला समितीत दोन गट पडले तेव्हा हाच प्रचार जोरात चालला. त्याला तुमच्यापैकी कुणी उत्तर दिलेलं नाही.

वडगावकर:
उत्तर आहे, आणि ते त्याच रकान्यांत आहे. 2018 नंतर या सगळ्या जागांवर राष्ट्रीय पक्षांचे आमदार आहेत, त्यातले काही सत्तेतही बसले. त्या वर्षांतली आपल्या तालुक्याची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी लिहून घराघरांत न्या. सत्ताधाऱ्याने खरंच आणलं असेल तर ते दिसेल, नसेल तर 'वाया मत' हा प्रचार तिथेच संपेल. हा तक्ता समितीने करायला हवा, आणि उमेदवार एकच ठरवून करायला हवा. दोन गट पुन्हा उभे राहिले तर त्या तक्त्याचाही उपयोग नाही, एवढं मी मानतो.

अनगोळ:
तालुक्याची तरतूद मोठ्या खंडांत सुटी मिळणार नाही, बरीच कामं राज्यभराच्या एकाच ओळीत असतात. पंचायतींकडे जाणाऱ्या निधीचं जिल्हावार लिंक पुस्तक वेगळं असतं, ते घ्या. बाकीचं सार्वजनिक बांधकामच्या विभागीय कार्यालयातून कामनिहाय यादी मागूनच जुळवावं लागेल. ती यादी मागताना मंजूर रक्कम, सोडलेली रक्कम आणि अदा केलेली बिलं असे तीन रकाने लिहून मागा, नुसती 'माहिती द्या' म्हणू नका.