अंतर्गत मिररमध्ये सुरक्षा सूचना आयात करणारी स्क्रिप्ट कशी लिहावी?

प्रश्न : कळफलक

नमस्कार. आमचे अल्मालिनक्स ९ या लिनक्स वितरणाचे सर्व्हर इंटरनेटशी जोडलेले नाहीत. बाहेरच्या यंत्रावर रिपोसिंक या साधनाने पॅकेजे उतरवून घेतो, क्रिएटरेपो_सी चालवून त्यांची रिपॉझिटरी (अनुक्रमणिकेसह पॅकेजांचा साठा) बांधतो आणि ती डिस्कवरून आतल्या मिररवर, म्हणजे तिची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर नेतो. पॅकेजे व्यवस्थित अद्ययावत होतात. परंतु डीएनएफ या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला सुरक्षा सूचना विचारणारी ‘डीएनएफ अपडेटइन्फो लिस्ट’ ही कमांड दिल्यास यादी रिकामी येते आणि फक्त सुरक्षाविषयक अपडेट मागितले तर काहीच शिल्लक नसल्याचे उत्तर मिळते. लेखापरीक्षकांना मात्र प्रत्येक सर्व्हरची सीव्हीई क्रमांकानुसार (प्रत्येक ज्ञात सुरक्षा दोषाला मिळणारा क्रमांक) यादी हवी असते. वितरणाच्या सुरक्षा घोषणांच्या ईमेलमधून पॅकेजांची नावे व आवृत्त्या वेचून डेटाबेसमध्ये भरणारी पायथन स्क्रिप्ट लिहावी, असा विचार आहे. काही सर्व्हर डेबियन १२ या दुसऱ्या वितरणाचे आहेत. तेही त्याच स्क्रिप्टमध्ये बसवता येतील का?

उत्तर : जुना_प्रशासक

ईमेल वेचण्याच्या वाटेला जाऊ नका. सेंटओएसच्या (रेड हॅटच्या लिनक्सवर आधारलेले जुने वितरण) काळात तो नाइलाज होता, कारण सेंटओएस ७ च्या अधिकृत रिपॉझिटरीत सुरक्षा सूचनांची अपडेटइन्फो फाइलच नसे. त्यामुळे यमला (डीएनएफच्या आधीचे पॅकेज साधन) सुरक्षा अपडेट विचारले की ते निर्धास्तपणे ‘काही नाही’ म्हणत असे, आणि स्पेसवॉक हे सर्व्हर-व्यवस्थापनाचे साधन वापरणारे लोक घोषणांच्या ईमेलवरून सूचना तयार करून त्या एपीआयद्वारे आत ढकलत असत. अल्मालिनक्स ही फाइल स्वतःच प्रकाशित करते. आपल्या मिररमधून ती गळते आहे, इतकेच.

रिपोसिंक मुळात फक्त पॅकेजे उतरवतो, आणि क्रिएटरेपो_सी त्या पॅकेजांवरून अनुक्रमणिका बांधतो. सूचना कोणत्याही आरपीएमच्या (अल्मालिनक्सच्या पॅकेज फाइलच्या) पोटात नसतात, मग त्या येणार कुठून? रिपोसिंकला ‘डाउनलोड-मेटाडेटा’ हा पर्याय द्या, म्हणजे मूळ मेटाडेटा (अनुक्रमणिका, सूचना वगैरे माहितीच्या फाइली) जसाच्या तसा येईल आणि क्रिएटरेपो_सी चालवण्याची गरजच उरणार नाही. मात्र केवळ नवीनतम पॅकेजे उतरवत असाल, तर मूळ मेटाडेटात आपल्याकडे नसलेल्या पॅकेजांचीही नोंद राहील. तेव्हा रिपॉझिटरी स्वतः बांधावी आणि नंतर मॉडिफायरेपो_सी वापरून अपडेटइन्फो फाइल तिला जोडावी. मॉड्यूलची (एकत्र बसवायच्या पॅकेजांच्या गटांची) फाइल असेल तर तीही याच रीतीने जोडावी लागते. ती बहुतेक जण विसरतात.

उत्तर : रात्रपाळी

वरील उत्तराने डीएनएफचा प्रश्न सुटेल; लेखापरीक्षकांच्या यादीसाठी आयातीची स्क्रिप्ट तरीही लागेलच. अपडेटइन्फो ही एक्सएमएल फाइल असून तिच्या प्रत्येक नोंदीत सूचनेचा क्रमांक, प्रकार, तीव्रता, प्रकाशनाची व सुधारणेची तारीख, सीव्हीई संदर्भ आणि पॅकेजांची यादी असते. एकदा प्रकाशित झालेली सूचना पुढे बदलू शकते, म्हणून ‘क्रमांक आधीच आहे, सोडून द्या’ असे लिहू नका. सुधारणेची तारीख नवी असेल तर जुनी नोंद संपूर्ण बदला. त्याच फाइलवर स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी डेटाबेस तसाच राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट आवृत्तींच्या तुलनेची. मूळ प्रकल्पाचा आवृत्ती क्रमांक पाहून निर्णय घेणारी स्क्रिप्ट निरुपयोगी असते. २०१४ साली हार्टब्लीड या दोषाची दुरुस्ती मूळ ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमध्ये १.०.१जी या आवृत्तीत आली, पण रेड हॅटने (जिच्या लिनक्सशी अल्मालिनक्स सुसंगत आहे ती कंपनी) ती १.०.१ई मध्येच मागे नेऊन बसवली आणि केवळ रिलीजचा भाग (वितरणाने पॅकेज किती वेळा बांधले तो क्रमांक) बदलून १६.ईएल६_५.७ केला. म्हणून इपॉक (आवृत्तीच्याही आधी तुलना होणारा आकडा), आवृत्ती आणि रिलीज हे तिन्ही भाग आरपीएमच्या स्वतःच्या तुलना-फंक्शनला द्यावेत. साध्या अक्षरतुलनेत ‘१०’ हा ‘९’ च्या आधी येतो, हे सांगायला नकोच.

आणि ‘सूचना लागू झाली’ याचा अर्थ ‘दोष गेला’ असा धरू नये. बॅश या कमांड शेलमधील शेलशॉक दोषाच्या वेळी सीव्हीई-२०१४-६२७१ साठी २४ सप्टेंबरला आलेली दुरुस्ती अपुरी ठरली, उरलेल्या दोषाला सीव्हीई-२०१४-७१६९ हा वेगळा क्रमांक मिळाला आणि रेड हॅटला दोन दिवसांत दुसरी सूचना काढावी लागली. एका सूचनेत अनेक सीव्हीई असतात आणि एकाच दोषाच्या कहाणीत अनेक सूचना. त्यामुळे दोन्हींमधील नात्यासाठी स्वतंत्र तक्ता ठेवावा.

कळफलक

आभारी आहे. मॉडिफायरेपो_सी चालवल्यावर यादी दिसू लागली. डेबियनचे काय?

उत्तर : जुना_प्रशासक

डेबियनच्या रिपॉझिटरीत अपडेटइन्फोसारखी फाइल नसते, म्हणून वाचणारा भाग वेगळा लिहा आणि डेटाबेस एकच ठेवा. डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर (सुरक्षा दोषांची नोंद ठेवणारे संकेतस्थळ) आपली माहिती जेसन या मजकूर-स्वरूपात देतो. तीत प्रत्येक सीव्हीईसाठी कोणत्या सोर्स पॅकेजच्या कोणत्या आवृत्तीत दुरुस्ती झाली, हे प्रकाशनानुसार असते. सर्व्हरवर मात्र सोर्स पॅकेजपासून बांधलेली, वेगळ्या नावांची बायनरी पॅकेजे बसवलेली असतात. तेव्हा डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज साधनाच्या डीपीकेजी-क्वेरीकडून सोर्स पॅकेजचे नाव व त्याची आवृत्तीही मागून घ्यावी, अन्यथा ‘ओपनएसएसएल’ची नोंद ‘लिबएसएसएल३’ला जुळणार नाही. तुलना डीपीकेजीच्याच ‘कम्पेअर-व्हर्जन्स’ने करावी, कारण तिथे ‘~’ हे चिन्ह असलेली आवृत्ती आधीची मानली जाते आणि आरपीएमचे फंक्शन डेबियनच्या आवृत्त्यांसाठी बनलेले नाही. डीएसए (डेबियनची सुरक्षा सूचना) क्रमांकाच्या शेवटी येणारा १ किंवा २ हा आकडाही जपून ठेवा. आधीच्या दुरुस्तीमुळे काही बिघडले, तर मूळ क्रमांक तोच राहून हा आकडा वाढतो.